शरीरातलं डावं-उजवं कसं मिटवाल?

माझा डावा दंड बारीक आहे हे मला शिंप्यानं सांगितलं. भावाच्या लग्नासाठी कोट शिवायला टाकला होता. ट्रायलच्या दिवशी त्यानं टेप उजव्या दंडावरून डाव्यावर नेली, परत उजव्यावर आणली आणि शांतपणे विचारलं, "बाह्या एकाच मापाच्या घालू, का वेगवेगळ्या?"

त्याच्या आदल्या पावसाळ्यात गाडी घसरून माझ्या डाव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडं मोडली होती. प्लेट बसली, हात दीड महिना गळ्यात राहिला, मग हलायला लागला, आणि मी विषय संपला असं धरून चाललो. जिम लावली. वर्षभर दोन्ही हातांनी बारबेल उचलला. डावा थोडा भरला, पण उजवा त्याहून जास्त भरला. म्हणजे पैसे भरून फरक वाढवून घेतला.

पुढं दोन माणसांनी मला मार्गाला लावलं. एक फिजिओथेरपिस्ट मॅडम आणि एक तालमीतले वस्ताद. दोघं एकमेकांना ओळखतही नाहीत, पण सांगणं एकच. मॅडम म्हणाल्या, "कमजोर हातानं सुरुवात करा. तो जितके रेप्स काढेल, म्हणजे जितक्या वेळा वजन उचलेल, तितकेच दुसऱ्यानं काढायचे." वस्ताद म्हणाले, "उजव्याचा लाड लै झाला बघ. डावा दमला की उजव्यानंबी खाली ठेवायचं." पुढचा सगळा लेख म्हणजे ही एकच गोष्ट घरी, जिममध्ये किंवा तालमीत कशी पाळायची त्याचा तपशील आहे.

१. आधी ठरवा: हा विषय व्यायामाचा आहे की डॉक्टरांचा

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक थेट डंबेलकडं जातात. जाऊ नका. खालीलपैकी काही असेल तर आधी दवाखाना:

- मार लागलेला नाही, प्लॅस्टर नव्हतं, तरी काही आठवड्यांत एक हात किंवा पाय वाळत चाललाय.
- मुंग्या, बधिरपणा, मानेतून हातात किंवा कमरेतून पायात उतरणारी कळ.
- शर्टाचं बटण लावणं, कुलपात किल्ली फिरवणं जड जातंय. चालताना एकाच पायातली चप्पल निसटते किंवा पाऊल जमिनीला घासतं.
- स्नायू आपोआप फुरफुरतो आणि सोबत ताकदही कमी होतेय.
- वजन उचलताना 'टक्' झालं आणि दंडाचा गोळा जागेवरून सरकलेला दिसतोय. इथं दिवस घालवू नका. काही वेळा ऑपरेशन लागतं आणि ते लवकर झालेलं बरं असतं.
- भिंतीला दोन्ही हात टेकून ढकलताना एका बाजूचं खांद्याचं पातं पंखासारखं बाहेर येतं.

एक उलटी शक्यताही ध्यानात ठेवा. कधी कधी बारीक बाजू चांगली असते आणि जाड बाजू आजारी असते. एकच पोटरी अचानक सुजली, दुखते, गरम लागते, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दाखवा, आणि तोवर ती पोटरी चोळत बसू नका. आणि एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर हा लेख बंद करून १०८ लावा.

जन्मापासूनचा फरक ही वेगळी गोष्ट. काही जणांना छातीचा एका बाजूचा मोठा स्नायू जन्मतःच अपुरा असतो किंवा नसतोच, त्याला पोलंड सिंड्रोम म्हणतात. नसलेला स्नायू बेंच प्रेसनं उगवत नाही. घरात वाढत्या वयाचं पोर असेल आणि त्याचा एक खांदा वर दिसत असेल, तर त्याला पाय जुळवून, हात खाली सोडून, पुढं वाकायला सांगा आणि मागून पाठ बघा. एका बाजूच्या फासळ्या उंच दिसल्या तर मणका वळलेला असू शकतो. ते हाडांच्या डॉक्टरांनी बघायचं काम.

डॉक्टरांकडं जाताना सोबत काय न्यायचं: जुने एक्स-रे (फिल्म किंवा सीडी), ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांची यादी, आणि पुढं सांगितलेली मोजमापांची वही. कोल्हापुरात सरकारी दवाखान्यात दाखवायचं असेल तर सीपीआरला (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात) सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, आधार कार्ड जवळ असू द्या. मी पहिल्यांदा एका दवाखान्यात हात हलवत गेलो होतो. "कधी मोडला होता? प्लेट कुठली? प्लॅस्टर किती दिवस?" यातल्या एकाचंही धड उत्तर देता आलं नाही. परत घरी, परत रांग.

२. साहित्य

शिंप्याकडची कापडी टेप, बॉलपेन, शंभर पानी वही, मोबाइल. एवढ्यावर पहिला महिना निघतो. पुढं वजन कमी-जास्त करता येणारे दोन डंबेल घ्या. ते नसतील तर पाच लिटरचा रिकामा तेलाचा कॅन पाण्यानं भरा, झाले पाच किलो. अर्धा भरला की अडीच. सुरुवातीला याहून चांगलं काही लागत नाही, कारण वजन पावशेरानं वाढवता येतं, जे जिममधल्या डंबेलला जमत नाही.

मुद्गल विकत घेऊ नका. अजून तरी नको.

३. मोजा, पण नीट

आरशावर विश्वास ठेवू नका. जिमच्या आरशात दिव्याखाली जो तो आपल्याला हवं ते बघतो. मोबाइलनं फोटो काढत असाल तर अजून एक भानगड आहे: बरेचसे सेल्फी कॅमेरे डावं-उजवं उलटं दाखवतात. मी पंधरा दिवस फोटोतला चुकीचा खांदा 'खाली पडलाय' म्हणून काळजी करत होतो. फोटो मागच्या कॅमेऱ्यानं, दुसऱ्या कुणाकडून तरी काढून घ्या.

टेप अशी लावा:

दंड: खांद्याच्या टोकाचं हाड ते कोपराचं टोक, या अंतराच्या बरोबर मध्यावर पेनानं खूण करा. हात सैल सोडून त्या खुणेवर माप घ्या. स्नायू फुगवून माप घ्यायचा मोह होतो, पण आपण कुणाला दाखवायला मोजत नाही आहोत.

मांडी: गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटीमीटर वर खूण. उभं राहून, वजन दोन्ही पायांवर सारखं टाकून.

पोटरी: जिथं सगळ्यात जाड तिथं.

माप सकाळी, व्यायामाआधी घ्यायचं. व्यायामानंतर स्नायूत रक्त भरलेलं असतं आणि टेप खोटं बोलते. प्रत्येक जागा तीनदा मोजा आणि मधला आकडा लिहा. खूण न करता अंदाजानं टेप लावली तर नुसत्या टेप सरकण्यानंच अर्धा सेंटीमीटर इकडचा तिकडं होतो.

आता ताकद. हे टेपपेक्षा महत्त्वाचं, कारण टेपमध्ये चरबीही मोजली जाते. असं वजन घ्या की बारा-पंधरा वेळा उचलता येईल. आधी कमजोर हात, मग दोन-तीन मिनिटं थांबून दुसरा. शरीर न हलवता किती रेप्स झाले ते लिहा. माझे पहिल्या दिवशीचे आकडे: डावा ८, उजवा १३. टेपवरचा फरक २.६ सेंटीमीटर.

पायांसाठी: खुर्चीवर बसा, हात छातीशी बांधा, एका पायावर उठा आणि सावकाश बसा. किती वेळा जमतं? मग एका पायावर उभं राहून टाच उचलणं, किती वेळा? तोल राहत नसेल तर भिंतीला एक बोट लावा. एक बोट म्हणजे एकच.

घरी आणि शेजारी मिळून दोन वजनकाटे जमत असतील तर एक गंमत करून बघा. एकेका काट्यावर एकेक पाय ठेवून अर्धी बैठक घ्या आणि कुणाला तरी आकडे वाचायला सांगा. मग काटे अदलाबदल करून परत. अदलाबदल यासाठी की काट्यांतलाच फरक पायाच्या नावावर जायला नको. मला वाटत होतं माझा प्रश्न फक्त हाताचा आहे. बैठकीत मी सगळा भार उजव्या पायावर टाकतोय हे त्या दिवशी कळलं.

किती फरक चालतो? बहुतेकांचा रोजच्या कामाचा हात थोडा जाड असतोच. दंडात अर्धा-एक सेंटीमीटर फरक असेल, ताकद जवळपास सारखी असेल आणि काही दुखत नसेल, तर इथंच वही मिटा आणि रंकाळ्यावर फिरायला जा. गुडघ्याच्या लिगामेंटच्या ऑपरेशननंतर खेळाडूला मैदानात सोडताना साधारण असं बघतात की ऑपरेशनच्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के आली आहे का. म्हणजे तिथंसुद्धा शंभराचा हट्ट नाही.

४. फरक येतो कुठून ते शोधा

हे न शोधता व्यायाम करणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. एक आठवडा स्वतःवर नजर ठेवा. पिशवी कुठल्या खांद्याला? कळशी कुठल्या कमरेवर? पोराला कडेवर घेता ते कुठल्या? पाकीट मागच्या कुठल्या खिशात, आणि त्यावरच बसून गाडी चालवता का? उभं राहताना कुठल्या पायावर रेलता?

आपल्याकडं तर एकांगी कामांची काय कमी! उसावर कोयता चालवणारा हात एकच. शिरोलीच्या कारखान्यात लेथवर उभा असलेला माणूस दिवसभर एकाच बाजूला वळतो. पेठेतला फुटबॉलवाला वर्षानुवर्षं एकाच पायानं किक मारतो आणि दुसऱ्यावर उभा राहतो, त्यामुळं त्याचे दोन्ही पाय तयार असतात पण वेगवेगळ्या कामाला. पैलवानसुद्धा यातून सुटत नाही. पुढच्या वेळी खासबागेत कुस्त्या बघायला बसाल तेव्हा पवित्र्यात कुणाचा कुठला पाय पुढं असतो ते बघा. ठरलेला असतो.

खेळात हा फरक दोष असतोच असं नाही. टेनिसपटूंच्या खेळायच्या हाताचं हाडसुद्धा दुसऱ्या हातापेक्षा जाड झालेलं आढळतं. त्यांनी ते मिटवत बसू नये. तुमचा फरक जर तुमच्या पोटापाण्याच्या कामातून आला असेल तर तो पूर्ण जाणार नाही, कारण उद्या सकाळी परत तेच काम आहे. तो आटोक्यात ठेवणं एवढंच ध्येय धरा.

आणि काही गोष्टी कशानंच बदलत नाहीत. पोटाच्या पाकळ्या एका ओळीत नसणं हे स्नायूमधल्या पट्ट्यांच्या जन्मजात रचनेमुळं असतं. एका दंडाचा गोळा टोकदार आणि दुसऱ्याचा पसरट, हेही बरंचसं स्नायू कुठं जोडला गेलाय त्यावर ठरतं. यासाठी कुणी 'स्पेशल प्रोग्रॅम' विकत असेल तर पैसे खिशात ठेवा.

५. नियम

दोन्ही हातांनी एकच वजन उचललं की तगडी बाजू गुपचूप जास्त काम करते. बारबेल सरळ वर जातो, बघणाऱ्याला वाटतं बरोबर चाललंय. जोर काढताना एक तळहात चार बोटं पुढं पडलेला असतो, बैठकीत कंबर एका बाजूला सरकलेली असते. म्हणून काही महिने तरी मुख्य व्यायाम एकेका हातानं, एकेका पायानं करायचा. त्याचे नियम:

कमजोर बाजू आधी. ताजेपणात तिला काम मिळतं आणि आकडा ती ठरवते.

तगडी बाजू तितकंच वजन, तितकेच रेप्स. तिला सोपं जाईल, हात शिवशिवेल. तरी थांबायचं. सगळ्यात अवघड नियम हाच आहे. मला डाव्याचे आठ झाल्यावर उजव्यानं आठावर थांबायला खरोखर लाज वाटायची, शेजारचा पोरगा बघतोय म्हणून.

कमजोर बाजूला एक सेट (मधे न थांबता सलग काढलेले रेप्स) जादा. फक्त एक. आणि तोही पहिले दोन आठवडे नाही.

दोन रेप्स शिल्लक असताना थांबा. शेवटच्या रेप्सला शरीर वाकडं करून वजन वर नेलं तर ते वजन परत तगड्या बाजूनंच उचललेलं असतं.

तगडी बाजू पूर्ण बंद करू नका. फरक भरून निघेपर्यंत उजव्याला सुट्टी, असा सल्ला मला जिममध्ये मिळाला होता. चुकीचा आहे. १८९४ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात स्क्रिप्चर नावाच्या संशोधकानं दाखवलं की एकाच हाताला सराव दिला तरी दुसऱ्या हाताची ताकद काही प्रमाणात वाढते. त्यावर पुढं पुष्कळ काम झालं. कारण असं की ताकद फक्त मांसात नसते, मेंदूकडून स्नायूला जाणाऱ्या हुकमातही असते, आणि तो हुकूम दोन्ही बाजू थोडाफार शिकतात. याचा खरा उपयोग कुणाला? ज्याचा एक हात आत्ता प्लॅस्टरमध्ये आहे त्याला. डॉक्टरांना विचारून दुसऱ्या हाताचा व्यायाम चालू ठेवलात तर बांधलेल्या हाताची ताकद कमी घटते. हे मला हात गळ्यात असताना कुणी सांगितलं असतं तर! मी तो दीड महिना कॉटवर क्रिकेट बघण्यात घालवला.

६. व्यायाम

सगळे करायची गरज नाही. फरक हातात असेल तर पहिले तीन आणि चालण्याचा, पायात असेल तर मधले तीन आणि चालण्याचा.

*डंबेल रो.* एक हात आणि गुडघा बाकावर, दुसऱ्या हातानं वजन बरगडीपर्यंत ओढायचं. मोटर सुरू करायला दोरी ओढतो तसा झटका नको. कंबर वळली की रेप मोजायचा नाही.

*एका हाताचा फ्लोअर प्रेस.* जमिनीवर उताणं, गुडघे दुमडून, एका हातानं वजन वर. कोपर जमिनीला टेकतं त्यामुळं खांद्याला धोका कमी, आणि रिकाम्या बाजूला शरीर कलंडू द्यायचं नाही हाच निम्मा व्यायाम.

*एका हाताचा शोल्डर प्रेस.* उभं राहून, दुसरा हात रिकामा. वजन वर नेताना बाजूला झुकताय का ते मोबाइलवर बघा. झुकत असाल तर वजन कमी.

*स्टेप-अप.* घरातली पायरी किंवा न हलणारा लाकडी बाक चालेल. पंचगंगेच्या घाटावर पायऱ्या भरपूर असल्या तरी तिथं करू नका, शेवाळ असतं. यात सगळे एकच लबाडी करतात: खालच्या पायानं उडी मारून चढतात. उपाय सोपा आहे. खालच्या पायाची बोटं वर उचलून फक्त टाच टेकवा. आता ढकलता येणार नाही, वरच्या पायालाच काम करावं लागेल. पहिल्याच दिवशी मी दहावरून पाचावर आलो.

*स्प्लिट स्क्वॉट.* एक पाय पुढं, एक मागं, सरळ खाली. गुडघा आत कोसळू द्यायचा नाही. तोल जात असेल तर खिडकीच्या गजाला हात.

*एका पायावर टाच उचलणं.* दोन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली. पायरीच्या कडेवर केलं तर उत्तम.

*एका हातात वजन घेऊन चालणं.* याला जिममध्ये सूटकेस कॅरी म्हणतात. आपल्या आजीनं आयुष्यभर केलं, फक्त एकाच बाजूनं केलं. पाण्याचा कॅन एका हातात, खांदे सरळ, वीस-तीस पावलं, मग हात बदलून परत. शरीर कॅनकडंही झुकायला नको आणि विरुद्ध बाजूलाही नको. कमरेच्या बाजूचे स्नायू इथं कळतात.

तालमीत जाणारे असाल तर जोर-बैठका सोडू नका, फक्त जमिनीवर खडूनं तळहातांच्या आणि पावलांच्या जागा आखून घ्या. संख्या निम्मी करा आणि खुणा चुकल्या की थांबा. मुद्गल हे एकेका हातानं फिरवायचं साधन आहे, म्हणून आपल्या कामाला फार चांगलं, पण वजन टोकाला असल्यामुळं मनगट आणि खांद्याला झटका बसतो. दोन-तीन महिन्यांच्या तयारीनंतर, सगळ्यात हलका, वस्तादांच्या समोर. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमी कुस्तीच्या पोरांसाठी आहेत. तिथं जायचंच असेल तर आधी वस्तादांना भेटून परवानगी घ्या, त्यांच्या वेळा पाळा, चप्पल बाहेर.

७. आठवडा कसा लावायचा

सोम-बुध-शुक्र. प्रत्येक स्नायूला मधे एक दिवस विश्रांती हवीच. पाच मिनिटं अंग गरम करा, मग चार व्यायाम.

पहिले दोन आठवडे: दोन सेट, हलकं वजन, फक्त पद्धत पक्की करायची.
तिसरा ते आठवा आठवडा: तीन सेट, ८ ते १२ रेप्स, कमजोर बाजूला चौथा सेट.
नववा ते बारावा: तेच, पण वजन वाढवत.

वजन कधी वाढवायचं? कमजोर बाजूनं सगळ्या सेटमध्ये स्वच्छ १२ रेप्स लागोपाठ दोन दिवस काढले की. एकदम पाच किलोची उडी नको, एक ते अडीच किलो पुरे. कॅन असेल तर अर्धा लिटर पाणी.

रोज वहीत तारीख, वजन, डावं, उजवं. बस्स.

८. खुराक

यावर कोल्हापुरात कुणाला शिकवायची सोय नाही, प्रत्येकाचा काका पैलवान असतो. म्हणून थोडक्यात. स्नायू वाढवायचा तर दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागं साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन पुरतं. ६५ किलोच्या माणसाला १०० ग्रॅमच्या आसपास. एका अंड्यात ६ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत ७-८, म्हशीच्या मोठ्या ग्लासभर दुधात ९-१०. दूध कट्ट्यावरून (जिथं समोर धार काढून देतात) आणा, पण उकळून प्या. आणि पांढऱ्या रश्श्याच्या चार वाट्या पिऊन प्रोटीन झालं असं समजू नका. ते मटणाच्या फोडीत असतं, रश्श्यात फारसं नाही. किडनीचा त्रास असेल तर हे आकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका.

फक्त डाव्या दंडाला लागेल असा खुराक नाही. हा प्रश्न मला खरोखर विचारला गेलाय.

९. मी आणि इतर जिथं पडलो ते खड्डे

रोज कमजोर हाताचं कर्ल, म्हणजे कोपरातून हात दुमडून वजन उचलणं. पहिला सगळ्यांच्या मनात येणारा उपाय. मी महिनाभर रोज रात्री डाव्या हाताचे जादा चार-पाच सेट काढले. कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं, चहाचा कप उचलता येईना, आणि दीड महिना सगळंच बंद. लाडक्या उजव्याच्या ऐवजी डाव्याचा लाड, तोही उलटला.

दर रविवारी टेप. सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मेंदू-स्नायूचं जुळल्यामुळं. मांस दिसायला त्याहून वेळ लागतो. टेप हलत नाही म्हणून बरेच जण नेमके सहाव्या आठवड्यात सोडतात. टेप चार आठवड्यांतून एकदाच काढा, मधल्या काळात रेप्सचा आकडा बघा.

सांधा जाम असताना ताकद वाढवायचा प्रयत्न. माझं मनगट पूर्ण फिरत नव्हतं, त्यामुळं डावा हात प्रत्येक व्यायाम वेगळ्याच कोनात करत होता. फिजिओ मॅडमनी आधी तीन आठवडे फक्त मनगट मोकळं करून घेतलं. खांदा, घोटा, कंबर, सगळ्यांना हेच लागू.

एका पायाखाली जाड सोल. पायांच्या लांबीत थोडा फरक पुष्कळ जणांत असतो आणि तो त्रास देत नाही. मोजून न घेता स्वतःच्या मनानं चपलेत पॅड घालू नका.

आणि तेलाची इंजेक्शनं. दंड 'भरून देतो' असं सांगणारे भेटतात. ते मांस नसतं. गाठी होतात, पू होतो, कापून काढावं लागतं. भेटला तर तिथूनच वळा.

१०. किती दिवस, आणि कुठं थांबायचं

बारा आठवड्यांत ताकदीतला फरक बऱ्यापैकी कमी झालेला दिसायला हवा. अजिबातच हललेला नसेल, तुम्ही दिवस न चुकवता केलं असेल, तर पहिल्या पायरीवर परत जा. मज्जातंतूचा प्रश्न असू शकतो, डॉक्टर नर्व्ह कंडक्शन टेस्ट सांगतील. मापातला फरक सहा महिने ते वर्ष मागतो. मोठ्या दुखापतीनंतर त्याहून जास्त.

रेप्स सारखे झाले की कमजोर बाजूचा जादा सेट बंद करा. मग हळूहळू बारबेल, जोर, बैठका परत पूर्ण संख्येवर आणा, पण आठवड्यातला एक दिवस एकेका बाजूच्या व्यायामाला कायमचा ठेवा.

माझी वही: नऊ महिन्यांनंतर रो मध्ये डावा १२, उजवा १२. दंडाचा फरक २.६ वरून ०.९ सेंटीमीटर. तिथून तो चार महिने तसाच आहे आणि मी त्याच्या मागं लागणं सोडलंय. काट्यांवर बैठक घेतली तर अजून दोन-तीन किलो उजवीकडं जातात, दमलो असेन तर जास्त. त्यासाठी सध्या स्टेप-अप चालू आहेत, बोटं वर उचलून.

कोटाच्या बाह्या शिंप्यानं शेवटी सारख्याच घातल्या. डावीत थोडं कापड आत दुमडून ठेवलंय, लागलं तर सोडता येईल म्हणाला.